सिफिलिसवर गोळी की इंजेक्शन? आणि बायकोला सांगायचं की नाही?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून):

डॉक्टरताई, सा. न.

मी इंदूरचा, वय ३४, पीथमपूरला कारखान्यात नोकरीला आहे. सुदामा नगरात आई-वडील, बायको आणि मी असे राहतो. बायकोला पाचवा महिना चालू आहे. गेल्या महिन्यात कंपनीत रक्तदान शिबिर झालं. काही दिवसांनी ब्लड बँकेतून फोन आला, येऊन भेटा म्हणून. तिथे कळलं की रक्तात सिफिलिस, म्हणजे शारीरिक संबंधांतून पसरणारा आजार, निघाला आहे. बाहेरून सिफिलिसच्या दोन्ही रक्ततपासण्या पुन्हा केल्या. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह १:३२, टीपीएचए पॉझिटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह.

आठ महिन्यांपूर्वी कंपनीच्या कामाने बाहेरगावी असताना एकदा माझ्याकडून चूक झाली. नंतर तीन-चार आठवड्यांनी लिंगावर एक फोड आला. दुखत नव्हता, आपोआप बरा झाला. मग तळहातांवर चकत्ते आले. मेडिकलवरून मलम आणलं, तेही गेले. आता मला काहीच त्रास नाही.

ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं. पण लहानपणी मला पेनिसिलिनची रिॲक्शन आली होती, अंगावर पुरळ उठलं होतं, असं आई सांगते. हे ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले, मग मी माझ्या दवाखान्यात देणार नाही. दवा बाजारात ओळखीचा एक जण आहे. तो म्हणतो, ॲझिथ्रोमायसिनच्या चार गोळ्या एकदम घे, विषय संपला. दुसऱ्याने डॉक्सीसायक्लिन सांगितली. बाकी मला कुठल्या औषधाचा त्रास नाही. दोन वर्षांपूर्वी दाढेचं रूट कॅनाल झालं, तेव्हा ऑगमेंटिन पाच दिवस घेतली होती, काही झालं नाही.

बायकोचा तिसऱ्या महिन्यातला व्हीडीआरएल नॉन-रिॲक्टिव्ह आहे. तिला मी काहीच सांगितलेलं नाही. सांगितलं तर घरात बवाल होईल. विचार असा आहे की मी गोळ्यांचा कोर्स करतो आणि तिलाही व्हिटॅमिनची म्हणून तीच गोळी देतो. दोघांना चालेल अशी कोणती अँटिबायोटिक आहे ते सांगा. आणि हे रक्तातून कायमचं जाईल का?

एक वाचक, इंदूर

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या बेतापासून सुरुवात करते, कारण तो आजच्या आज रद्द व्हायला हवा. बायकोला व्हिटॅमिन म्हणून कुठलीही अँटिबायोटिक देऊ नका. एकही गोळी नाही. डॉक्सीसायक्लिन ज्या गटातली आहे, त्या गटाची औषधं बाळाच्या तयार होत असलेल्या दातांत आणि हाडांत साठतात, म्हणून पोटात बाळ असताना ती टाळतात. ॲझिथ्रोमायसिन गरोदरपणात इतर आजारांसाठी दिली जाते, पण ती वारेतून पलीकडे बाळापर्यंत पुरेशी पोचत नाही. म्हणजे आईने गोळी गिळली तरी पोटातलं बाळ उपचाराविनाच राहणार. गरोदर स्त्रीच्या सिफिलिसवर आईला आणि बाळाला दोघांनाही बरं करतं अशी खात्री असलेलं औषध आजही एकच आहे, पेनिसिलिन. तेव्हा ‘दोघांना चालेल अशी कोणती’ याचं उत्तर पेनिसिलिन. ते इंजेक्शन आहे, आणि तिला अंधारात ठेवून ते देता येत नाही.

तिचा रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह आहे म्हणून तुम्ही निश्चिंत झाला आहात. तसं होऊ नका. संसर्ग झाल्यावर पहिला फोड यायलाच १० ते ९० दिवस लागतात, आणि रक्ततपासणी पॉझिटिव्ह व्हायला त्याहून काही आठवडे जास्त. तिचं रक्त तिसऱ्या महिन्यात घेतलं. तुमच्या तळहातांवर चकत्ते होते तो काळ हा आजार सगळ्यात जास्त पसरण्याचा. त्यानंतरही तुमचे संबंध आले असतील, तर त्या जुन्या कागदावर विसंबून राहता येत नाही. जोडीदाराला अलीकडचा सिफिलिस निघाला आणि गेल्या ९० दिवसांत संबंध आलेला असला, तर रिपोर्ट निगेटिव्ह असूनही उपचार करावेत असा नियमच आहे. पोटात बाळ असताना तर वाट बघण्यात काहीच अर्थ नाही. तिचं रक्त पुन्हा तपासलं जाईल, आणि बहुधा त्याच दिवशी इंजेक्शनही दिलं जाईल.

उपचार झाले नाहीत तर काय होतं तेही सांगते. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण हे माहीत असल्याशिवाय तुम्ही घाई करणार नाही. अलीकडचा सिफिलिस असलेल्या आईकडून जंतू वारेतून बाळाकडे जातो. त्यातून गर्भपात होतो, बाळ पोटातच दगावतं, दिवस भरण्याआधी जन्मतं, किंवा जन्मताना अगदी चांगलं दिसतं आणि काही आठवड्यांनी त्रास सुरू होतो. यकृत, हाडं, डोळे, कान, मेंदू, सगळीकडे तो पोचू शकतो. आणि हे जवळजवळ पूर्णपणे टाळता येतं. आईचे उपचार प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी झालेले असावे लागतात. तुमच्याकडे पाचवा महिना आहे. वेळ आहे, पण दवडायला नाही.

आता तुमच्या ॲलर्जीकडे येते. पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: रूट कॅनालच्या वेळी पाच दिवस ऑगमेंटिन घेतली आणि काही झालं नाही. ऑगमेंटिनमध्ये अमॉक्सिसिलिन असतं, आणि अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घरातलं औषध आहे. ज्याला पेनिसिलिनची खरी, जिवावर बेतणारी ॲलर्जी आहे, तो पाच दिवस ऑगमेंटिन खाऊन बिनतक्रार हिंडत नाही. ही गोष्ट तुम्ही त्या डॉक्टरांना सांगितली होती का? बहुतेक नसेल, कारण त्या गोळीत पेनिसिलिन असतं हे कुणी तुम्हाला सांगितलेलंच नव्हतं.

लहानपणी उठलेलं पुरळ गोवर-कांजिण्यांसारख्या तापाचं असू शकतं, दुसऱ्या औषधाचं असू शकतं, किंवा खरंच पेनिसिलिनचं सौम्य पुरळ असू शकतं. घरात एकदा ‘याला पेनिसिलिन चालत नाही’ असं ठरलं की ते आयुष्यभर फाइलवर चिकटून राहतं. तपासून बघितलं तर स्वतःला ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ती नसते. खरी ॲलर्जी असलेल्यांपैकीही बहुतेकांची दहाएक वर्षांत निघून जाते. धोक्याची ॲलर्जी वेगळी दिसते. इंजेक्शननंतर काही मिनिटांत ते तासाभरात अंगावर गांध्या उठतात, ओठ-जीभ-पापण्या सुजतात, घसा आवळल्यासारखा होतो, दम लागतो, चक्कर येऊन नाडी पडते. आईला शांतपणे विचारा: नेमकं काय झालं होतं? इंजेक्शननंतर किती वेळाने? श्वास लागला होता का? दवाखान्यात भरती करावं लागलं होतं का? ती जे सांगेल ते कागदावर लिहून घ्या आणि ऑगमेंटिनची हकीकत त्याखाली लिहा. जमलं तर दाताच्या डॉक्टरांची ती जुनी पर्चीही शोधून ठेवा.

तरीही इंजेक्शन मोठ्या रुग्णालयातच घ्या. तुमच्या डॉक्टरांनी स्वतःच्या छोट्या दवाखान्यात द्यायला नकार दिला याचा मी त्यांना दोष देणार नाही. जवळ ॲड्रेनालिन, ऑक्सिजन आणि मदतीला माणूस नसेल तर सावध राहणंच बरं. मात्र त्यांनी नुसतं ‘देणार नाही’ म्हणून थांबायला नको होतं, कुठे मिळेल ते चिठ्ठी लिहून सांगायला हवं होतं. त्या एका अर्धवट वाक्यामुळे तुम्ही दवा बाजारात सल्ला मागायला गेलात.

इंदुरात तुम्हाला फार शोधावं लागणार नाही. दवा बाजाराजवळच एमवाय हे सरकारी रुग्णालय आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. तिथल्या चर्म व गुप्तरोग विभागात जा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात. तिथे या आजारांची तपासणी, औषधं आणि समुपदेशन फुकट मिळतं, आणि नाव गुप्त राहतं. कुठल्या खोलीत जायचं हे विचारायचाही संकोच वाटत असेल तर १०९७ या फुकट हेल्पलाइनवर फोन करा. या कार्यक्रमात औषधांच्या रंगीत पुड्या असतात. जननेंद्रियावरच्या जखमेसाठी, ती हर्पिसची नसेल तर, पांढरी पुडी, तिच्यात बेंझाथिन पेनिसिलिन असतं. पेनिसिलिन खरोखरच चालत नाही त्यांच्यासाठी निळी, तिच्यात डॉक्सीसायक्लिन. दोन्हींत ॲझिथ्रोमायसिनही असते, पण ती जखमेच्या दुसऱ्या एका जंतूसाठी. दवा बाजारातल्या तुमच्या मित्राचा समज कदाचित तिथूनच झाला असेल.

इंजेक्शनचं पूर्ण नाव लक्षात ठेवा: बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट. मेडिकलवाल्यांकडे ते पेनिड्युर या नावानेही ओळखलं जातं. नुसतं ‘पेनिसिलिन’ म्हणून चालत नाही, कारण त्यात प्रकार आहेत. क्रिस्टलाइन पेनिसिलिन शिरेतून देतात आणि ते काही तासांत शरीराबाहेर पडतं. सिफिलिसचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, फार सावकाश वाढतो. इतर जंतू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात, याला ३० तासांच्या आसपास लागतात. पेनिसिलिन जंतूला मारतं ते तो वाढत असताना, त्याची भिंत बांधली जात असताना. म्हणून औषध कमी प्रमाणात का होईना, पण सलग कित्येक दिवस रक्तात राहावं लागतं. बेंझाथिन स्नायूत साठून राहतं आणि शेतातल्या ठिबकसारखं दोन-तीन आठवडे थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. म्हणूनच एका दिवसाच्या इंजेक्शनने काम होतं.

संसर्ग होऊन एक वर्षाच्या आत असेल तर २४ लाख युनिटचा एकच डोस. तुमचे आठ महिने झाले आहेत, फोड आणि चकत्ते दोन्हींची हकीकत स्पष्ट आहे, म्हणून तुम्ही या गटात बसता. (जागतिक आरोग्य संघटना ही सीमारेषा दोन वर्षांवर आखते.) वर्षाहून जास्त झालं असेल किंवा कधी झालं ते कळतच नसेल, तर दर आठवड्याला एक असे तीन डोस. तारखा नीट आठवून ठेवा, कारण किती डोस द्यायचे ते त्यावरूनच ठरतं. बायकोला आठवड्याने आणखी एक डोस द्यायचा का, हे तिच्या प्रसूतितज्ज्ञ ठरवतील. गरोदरपणात काही तज्ज्ञ तो देतात.

इंजेक्शन दुखतं, हे लपवत नाही. कुपीत पांढरी भुकटी असते. तिच्यात पाणी घालून हलवलं की घट्ट, दुधाळ मिश्रण तयार होतं. ते बारीक सुईत अडकतं, म्हणून सुई जरा जाड लागते, आणि सावकाश ढकलावं लागतं. २४ लाख एका जागी न देता १२-१२ लाख दोन्ही बाजूंच्या पुठ्ठ्यांत देतात. बधिर करणारं लिग्नोकेन मिसळता येतं का, हे सिस्टरना आधीच विचारा, त्याने बराच फरक पडतो. हे इंजेक्शन शिरेत कधीही द्यायचं नसतं. आधी त्वचेत टेस्ट डोस देतील, तेव्हा घाई करू नका. नंतर किमान अर्धा तास तिथेच बसा. दोन दिवस बसताना-उठताना ठणकेल, तरी चालत राहा. ज्यांच्या हृदयाच्या झडपा संधिवाताच्या तापाने बिघडल्या आहेत अशी लहान मुलं हेच इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षं घेतात. बायकोला हे सांगा, तिची भीती कमी होईल.

आठ दशकांत हा जंतू पेनिसिलिनला सरावलेला कुठेही आढळलेला नाही. १९१० साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एहर्लिख यांचं आर्सेनिकयुक्त औषध आलं, त्याआधी पाऱ्याचे लेप आणि धुरी. लोक आजाराने जायचे तसेच औषधानेही जायचे. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर डॉक्टर जॉन महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांना पेनिसिलिन दिलं आणि ते बरे झाले. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन आपल्या देशात बनू लागलं. एवढं जुनं, एवढं स्वस्त आणि अजून इतकं खात्रीचं औषध फार थोडं आहे. मोठा नफा देत नाही म्हणूनच कदाचित ते कितीतरी मेडिकलवर ठेवलेलं नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता गोळ्यांचं. समजा तपासणीत तुमची ॲलर्जी खरी निघाली. मग तुमच्यासाठी डॉक्सीसायक्लिन हा चांगला पर्याय आहे: १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात १५ दिवस देतात. आजार जुना असेल तर २८ ते ३० दिवस. काम करते, पण एकही डोस न चुकवता घ्यावी लागते, आणि बरं वाटतंय म्हणून लोक आठव्या दिवशी सोडतात हाच तिचा मोठा धोका. तुम्हाला तर आत्ताच काही त्रास नाही, तुम्ही तर नक्कीच विसराल. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, दोन घोटांत नाही, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो. दूध, ॲसिडिटीची औषधं, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या यांत आणि तिच्यात दोनेक तासांचं अंतर ठेवा. उन्हात कातडी भाजल्यासारखी होते, तेव्हा पीथमपूरला बाइकवर जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

सेफ्ट्रायॅक्सोन हा दुसरा पर्याय. रोज १ ग्रॅमचं इंजेक्शन, १० दिवस. चालतं, पण दहा दिवस रोज सुई, आणि पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना तेही सांभाळूनच द्यावं लागतं. सेफिक्झिम गोळीवर अभ्यास चालू आहेत, अजून तिच्यावर भरवसा ठेवून कुणाला घरी पाठवावं अशी स्थिती नाही.

तुमच्या मित्राच्या चार गोळ्या म्हणजे २ ग्रॅम ॲझिथ्रोमायसिन. तो अगदीच हवेतलं बोलत नव्हता. २००५ मध्ये टांझानियातल्या एका चाचणीत ती पेनिसिलिनच्या तोडीस तोड ठरली होती, आणि काही काळ अनेक डॉक्टर ती देतही होते. पण त्याच सुमारास अमेरिकेत आणि आयर्लंडमध्ये या औषधाला दाद न देणारे जंतू सापडले. जंतूमध्ये एकच छोटा जनुकीय बदल झाला की हे औषध पार निकामी होतं, आणि असे जंतू आता अनेक देशांत पसरले आहेत. घसा, खोकला, ताप, कशालाही आपण ॲझिथ्रोमायसिन खातो, त्याचा हा परिणाम. म्हणून आता तिच्यावर विसंबून सिफिलिसचे उपचार करत नाहीत. आणखी एक: कुणी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी दिली तर ती घेऊ नका. सिफिलिसवर तिचा उपयोग नाही, नुसता वेळ जातो.

बायकोलाही पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं निघालं तर? तरी औषध बदलत नाहीत. तिला रुग्णालयात ठेवून, अगदी सूक्ष्म मात्रेपासून सुरू करत, तीन-चार तासांत टप्प्याटप्प्याने पेनिसिलिन वाढवत नेतात. शरीर ते सहन करू लागतं आणि मग पूर्ण डोस देतात. हे घरी किंवा छोट्या दवाखान्यात करायचं काम नाही.

इंजेक्शनच्या रात्री ताप, थंडी, डोकेदुखी, अंगदुखी होऊ शकते. गेलेले चकत्ते पुन्हा उमटल्यासारखे दिसू शकतात. ही ॲलर्जी नाही. एकदम मेलेल्या जंतूंचा कचरा रक्तात आला की असं होतं, चोवीस तासांत ओसरतं, पॅरासिटामॉल पुरे. बायकोच्या बाबतीत मात्र लक्ष ठेवा. पोट वारंवार आवळू लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता प्रसूतिगृहात न्या. या भीतीने इंजेक्शन लांबवायचं नाही.

डोळ्यांना धूसर दिसणं, एका कानाने कमी ऐकू येणं, कानात सतत आवाज, चेहरा एका बाजूला ओढला जाणं, न थांबणारी डोकेदुखी, यातलं काही असेल तर आधी सांगा. मग आजार मेंदू, डोळा किंवा कानापर्यंत पोचल्याची शंका घेतात आणि उपचार बदलतात: रुग्णालयात भरती करून १० ते १४ दिवस शिरेतून क्रिस्टलाइन पेनिसिलिन.

कायमचं जाईल का, असं विचारलंत. आजार जाईल. पण टीपीएचए बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहील, त्याने घाबरू नका आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा औषधं घेऊ नका. बघायचं ते व्हीडीआरएलच्या आकड्याकडे (रक्त किती पट पातळ केलं तरी तपासणी रिॲक्टिव्ह येते, ते तो सांगतो). इंजेक्शनच्या दिवशीच रक्त द्या, ती तुमची सुरुवात. १:३२ वरून १:८ किंवा त्याहून खाली आला की उपचार लागू पडले असं धरतात. सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासा, दर वेळी त्याच प्रयोगशाळेत आणि तीच तपासणी, कारण व्हीडीआरएल आणि तिच्याच जातीची आरपीआर तपासणी यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आकडा उतरला नाही किंवा पुन्हा चारपट चढला, तर डॉक्टरांकडे परत जा. एकदा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असं मुळीच नाही. उपचारांचा कागद जपून ठेवा, पुढे कुठल्याही वैद्यकीय तपासणीत टीपीएचए निघाली की तो दाखवावा लागेल. दोघांचे उपचार होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंध नको, निरोध वापरूनही नको. त्या दुसऱ्या व्यक्तीला कळवणं शक्य असेल तर तेही करा. तिलाही हे माहीत नसेल.

ताटं, टॉवेल, संडास यांतून हा आजार पसरत नाही, घरात कुणाचं काही वेगळं काढायची गरज नाही. आई-वडिलांना सांगायचीही गरज नाही. ही गोष्ट तुमच्या दोघांची आहे.

बायकोला मात्र सांगायचंच. बवाल होईल, खरं आहे. तिला राग येईल, ती रडेल, काही दिवस बोलणार नाही, कदाचित माहेरी जाते म्हणेल. तो तिचा हक्क आहे. पण तुम्ही न सांगता तिला हे दोन-तीन महिन्यांनी प्रसूतिगृहातल्या रिपोर्टवरून कळलं, तर जी चूक एका दिवसाची होती ती रोजची फसवणूक होऊन बसेल, आणि त्यात बाळाचं काही बिघडलं तर तुम्ही दोघंही त्यातून सावरणार नाही.

सांगायचं कसं? रात्री, दमून आल्यावर, आई पलीकडच्या खोलीत असताना नाही. तिला बाहेर घेऊन जा, जिथे तिला मोठ्याने बोलता येईल. सरळ बोला: ‘माझ्या हातून एकदा चूक झाली. त्यातून मला आजार झाला आहे, तो रक्तदानात निघाला. तो पूर्ण बरा होतो. पण तुला आणि बाळाला झाला असेल का हे आपल्याला लगेच बघायला हवं. तू जे म्हणशील ते मी ऐकून घेईन, पण आधी तपासणीला चल.’ कारणं देऊ नका, दारूचं, मित्रांचं नाव घेऊ नका. तिने विचारलं तर खरं उत्तर द्या, न विचारलेले तपशील ओतू नका. एकट्याने हे जमणार नाही असं वाटलं, तर सुरक्षा क्लिनिकमधल्या समुपदेशकांना आधी भेटा. त्यांच्यासमोर बसून सांगता येतं. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून हे बोलणं त्यांनी अनेकदा घडवून आणलेलं असतं. आणि त्यांनी किंवा डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बोलायचं म्हटलं तर दाराबाहेर थांबा.

तिच्या प्रसूतितज्ज्ञांनाही सगळं कळायला हवं. तिने घेतलेल्या डोसांच्या तारखा, तुमच्या दोघांच्या रिपोर्टची झेरॉक्स आणि इंजेक्शनची चिठ्ठी तिच्या प्रसूतीच्या फाइलमध्ये लावून ठेवा. पुढच्या महिन्यांत तिचं व्हीडीआरएल पुन्हा तपासतील. जन्मल्यावर बाळाचं रक्तही तपासतील आणि त्याचा आकडा आईच्या आकड्याशी ताडून बघतील, कारण आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात आलेली असतात आणि नुसत्या रिॲक्टिव्ह या शब्दावरून काही ठरत नाही. बाळाला पेनिसिलिन लागेल की नाही, आणि लागलं तर किती दिवस, हे बालरोगतज्ज्ञ त्या फाइलवरूनच ठरवतील. तेव्हा प्रसूतीला जाताना ती फाइल बरोबर असू द्या.